चार गावांत एकाच वेळी शेवंती

रागाच्या भरात माणसाने सभेत बोलू नये, आणि बोललाच तर सभेचं इतिवृत्त लिहिणारा दुसरा कोणीतरी असावा. आमच्या वधूवर सूचक मंडळाचा कार्यवाह मीच असल्यामुळे माझं वाक्य मलाच सुवाच्य अक्षरात लिहावं लागलं. 'हा चावटपणा कोणी केला त्याचं नाव मार्गशीर्षातल्या मेळाव्यात मी सर्वांसमक्ष जाहीर करीन, न केल्यास कार्यवाहपद सोडीन.' लिहून झाल्यावर मी ते पुन्हा वाचलं, पण इतिवृत्तात खाडाखोड चालत नाही.

चावटपणा असा. रेडीच्या विकीचं स्थळ आम्ही खारेपाटणच्या तेजस्वीला सुचवलं होतं. मुलगा होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा, निर्व्यसनी, आणि आमच्या कॉम्प्युटरच्या मते उंची पाच फूट सात इंच. विकी पोरगी बघायला गेला आणि अंगणात उभा राहिला, तेव्हा तेजस्वीच्या वडिलांनी त्यालाच विचारलं, "नवरो मागसून येता काय?" विकी पाच फूट दोन आहे. पुढचं सगळं सांगत बसत नाही, पोहे बशीत तसेच राहिले एवढं सांगतो. "खोटा बोलणाऱ्या माणसावांगडा माका लगीन करूचा नाय," असं म्हणून तेजस्वी आत गेली, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही घरची मंडळी भांडत भांडत आमच्या मालवणच्या कार्यालयात आली. भांडण त्यांचं आणि चहा आमचा.

रेडीच्या कागदावर पाच-दोनच लिहिलेलं होतं. म्हणजे कागदातून कॉम्प्युटरात जाताना मुलगा पाच इंच वाढला. आता हे वाढवणारा कोण? मालवणला आमचं मुख्य कार्यालय, आणि तळेरे, खारेपाटण, रेडी इथे एकेका खोलीच्या शाखा. सगळ्या शाखांचे कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेने मालवणच्या मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेले. कुठल्याही गावातून कोणीही बसल्या जागी कोणाचीही उंची वाढवू शकत होता.

आमचे अध्यक्ष दाजी हे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी सभेत सरळ सांगितलं, "ज्याने केलं असेल त्याने हात वर करावा." कोणी केला नाही. "म्हणजे सगळेच सामील," असं म्हणून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ग्रामसेवक म्हणून उभी नोकरी मी बिनडाग केली, आणि आता उतारवयात कोणाच्या तरी पाच इंचांसाठी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं जावं? मी उठलो आणि बोललो. ते वाक्य तुम्ही वर वाचलंच आहे. सन दोन हजार सातचा तो आश्विन महिना होता.

त्यावर दाजींनीच उपाय काढला. त्यांचा एक माजी विद्यार्थी निकेत कोल्हापुरात कॉम्प्युटरची कामं करत होता. त्याच्याकडे एक प्रोग्राम होता. तो मोठ्या कॉम्प्युटरात बसवायचा, त्याचं एकेक पिल्लू प्रत्येक शाखेत बसवायचं, मग कोणी, केव्हा, कुठून, कुठल्या नोंदीत काय होतं ते काढून काय घातलं, सगळं तो टिपून ठेवणार. मी विचारलं, "म्हणजे आता पाच इंच कोणी वाढवले ते कळेल?"

"नाही काका," निकेत म्हणाला. "हा मागचं सांगत नाही. बसवल्यानंतरचं सांगतो."

म्हणजे मी आधी विकीची उंची दुरुस्त करून पाच-दोन करायची आणि चोराने ती पुन्हा वाढवायची वाट बघायची! कोणीतरी पुन्हा एकदा लबाडी करावी म्हणून मी देवापुढे हात जोडले. असं मागणं त्या देवळात माझ्याआधी कोणी मागितलं असेल असं वाटत नाही.

शेजारच्या कृष्णाबाईंना या सगळ्याचा वास लागला. आमच्या दोन घरांमध्ये चिऱ्यांचा गडगा आहे, आणि त्यावरून पलीकडे जात नाही अशी एकही बातमी नाही. "गणपतभाऊ, कोल्हापूरसून काय हाडतास म्हणान आयकलंय?" त्यांनी विचारलं. मी त्यांना सोप्या भाषेत समजावलं. म्हटलं, तो आत बसतो, दिसत नाही, झोपत नाही, कोण काय करतो ते सगळं बघतो आणि विसरत नाही.

"म्हंजे राखणदार," कृष्णाबाई म्हणाल्या. "मगे तसा सांगा ना! पण जागेवाल्याक इचारलास? आदी गाऱ्हाणा घाला, मगेच बसवा. नायतर तुमचो राखणदार तुमकाच धरतलो."

जागेवाला आणि राखणदार ही आमच्याकडची जागेची अदृश्य राखण करणारी दैवतं, विडी-नारळ मिळाला नाही तर कोपणारी. मी हसलो, पण ते हसू टिकलं नाही. कारण त्या संध्याकाळी बाजारात जो भेटला त्याने मला राखणदाराबद्दलच विचारलं, आणि निकेतची गाडी कोल्हापुरातून निघण्याआधी रेडीपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं होतं की मंडळाने वायरीत राखणदार बसवायचं ठरवलंय.

गाऱ्हाणं, म्हणजे देवाला सगळ्यांनी मिळून साकडं, घालावंच लागलं. देवळातले मानकरी आले, कॉम्प्युटरपुढे नारळ ठेवला, समिती हात जोडून उभी राहिली. निकेतने तबकडी आत सरकवली होती आणि पडद्यावर इंग्रजीतल्या अटींचा भलामोठा मजकूर उतरला होता. मानकऱ्यांनी सूर लावला, "बा देवा म्हाराजा, आज ह्यो मशिनीचो राखणदार आमच्या मंडळात बसता हा. चार गावच्या तारेवर काय इडापिडा आसात ती टाळ, आनि जो कोण लबाडी करीत तेचा नाव उजेडात हाड रे म्हाराजा!"

निकेत हळूच म्हणाला, "काका, अटी मान्य आहेत का विचारतंय."

"होय म्हाराजा!" सगळे एका दमात ओरडले, आणि निकेतने बटण दाबलं. त्या अटींत काय होतं हे आमच्यापैकी कोणालाही आजवर माहीत नाही. अधूनमधून ते आठवलं की मला घाम फुटतो.

मालवणला राखणदार बसला. आता शाखा. तळेऱ्याला आमची खोली महामार्गाच्या तिठ्यावर, आणि टेलिफोनची तार एका फणसावरून येते. त्या फणसाची फांदी तारेवर रेलली होती. वारा आला की तळेरे मंडळातून जायचं आणि वारा थांबला की परत यायचं. निकेतचं पिल्लू अर्ध्यावर पोचलं की वारा सुटायचा. मी दूरध्वनी कार्यालयात गेलो. साहेब म्हणाले, "फांदी काढा, आम्ही तार ओढून देतो." ग्रामपंचायतीने सांगितलं, झाड खाजगी आहे, मालकाची संमती आणा. मालक शोधला तर ते झाड सगळ्या भावकीचं निघालं. कोणी कणकवलीला, कोणी डोंबिवलीला, एकजण दुबईला, आणि दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून एकाच कागदावर सही करायला तयार नाहीत. वनखात्यात विचारलं तर तिथला माणूस म्हणाला, "फणस तोडायला परवानगी लागते."

"अहो, फणस नाही, नुसती फांदी."

"फांदी फणसाचीच ना?"

शेवटी एके दुपारी वानरांची टोळी आली, तिने त्या फांदीवर धिंगाणा घातला आणि फांदी मोडून पडली. मी तळेऱ्याच्या बाबलीला फोनवर म्हटलं, सुटलो. बाबली म्हणाला, "फांदयेवांगडा तार पण पडली." पुन्हा दूरध्वनी कार्यालय. तुटलेल्या तारेचा अर्ज वेगळ्या टेबलावर असतो, हे ज्ञान मला तिथे झालं.

रेडीला वेगळंच. तिथे खनिजाच्या गाड्या दिवसभर ये-जा करतात आणि लाल धूळ सगळीकडे बसते. शाखेच्या गुणाजीने धूळ लागू नये म्हणून कॉम्प्युटर बायकोच्या जुन्या लुगड्यात इतका घट्ट गुंडाळला होता की आतलं यंत्र गुदमरून तापत होतं आणि दर थोड्या वेळाने आपोआप बंद पडत होतं. "थंडीत तरी गुंडाळून ठेवू काय?" गुणाजीने विचारलं. निकेतने ते लुगडं सोडवलं आणि पुढचे दोन दिवस तो लाल शिंकत होता. खारेपाटणला मात्र काहीच अडचण आली नाही, आणि त्यामुळे मला जास्त काळजी वाटली.

सगळीकडे बसवून झाल्यावर मी चारही ठिकाणच्या माणसांना मालवणला बोलावलं आणि पासवर्ड या विषयावर भाषण दिलं. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या नावाचा प्रवेश दिला आहे, तो कोणाला सांगायचा नाही, दुसऱ्याचा वापरायचा नाही, आपलं काम आपल्याच नावावर करायचं, हे मी तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबली तर इतक्या जोरात मान डोलवत होता की मला त्याच वेळी संशय यायला हवा होता.

मग मी विकीची उंची पाच-दोन केली आणि वाट बघत बसलो. माणूस वाट बघतो म्हणजे काय करतो? सकाळी कार्यालय उघडलं की आधी विकी. जेवणाआधी विकी. घरी निघताना विकी. तुळशीची लग्नं लागली, लोक कागद घेऊन येऊ लागले, मेळाव्याच्या पत्रिका छापून झाल्या, आणि विकी पाच-दोनच. बाजारात दाजी भेटले की फक्त एवढंच विचारायचे, "मिळालं का नाव?" मी म्हणायचो, "मिळेल." ते चष्म्यावरून बघायचे. माझी झोप गेली, तोंडाची चव गेली. माशाच्या कढीला चव नाही असं मी बायकोला म्हणालो, तेव्हा तिनेही जेवण सोडून माझ्याकडे चष्म्यावरूनच पाहिलं, आणि तिला तर चष्माही नाही.

आणि मेळाव्याच्या आठवड्यात एका सकाळी विकी पाच फूट सात!

मला इतका आनंद झाला की मी उभ्या उभ्या टाळी वाजवली. ताबडतोब राखणदाराचा अहवाल छापायला लावला. यंत्र करकरत होतं, कागद बाहेर येत होता, आणि मी वाकून बघत होतो. विकीची उंची. पाच-दोन काढून पाच-सात. करणार, शेवंती.

मी खाली पाहिलं. शेवंती. वर पाहिलं. शेवंती. तळेरे, शेवंती. खारेपाटण, शेवंती. रेडी, शेवंती. एकाच मिनिटाला चारही गावांत शेवंती! कोणाचं वय कमी केलेलं, कोणाचा रंग सावळ्याचा गोरा केलेला, एका मुलाची मिशी काढलेली. सगळं शेवंतीने.

शेवंती म्हणजे आमच्या मालवण कार्यालयाची कर्तीसवरती. सकाळी झाडते, चहा करते आणि मग खुर्चीवर बसून नोंदी करते. नवरा बाळा कंबर धरल्यापासून समुद्रावर जात नाही, तेव्हा घर तिच्याच पगारावर चालतं. पण तिची खरी ओळख वेगळी. तिला हातगुण आहे. आमच्याकडे नवं जाळं पाण्यात टाकायचं तर आधी कोणाचा हात लावायचा हे ठरलेलं असतं, तसंच हे. मंडळात आली त्या पहिल्या हंगामात तिने ज्या पोरींच्या नोंदी केल्या त्या सगळ्या माघ संपायच्या आत सासरी गेल्या. तेव्हापासून आईबाप कागद घेऊन येतात ते "शेवंतीबायच्या हातान घाला" असं सांगतच. नोंद झाल्यावर एक चिठ्ठी छापून मिळते, तिच्या तळाशी नोंद करणाऱ्याचं नाव असतं, आणि लोक ती चिठ्ठी घरी देवाजवळ ठेवतात.

मी निकेतला फोन लावला. तो म्हणाला, "काका, ही बाई एकाच वेळी चार गावांत काम करतेय."

"ती मालवणच्या बाहेर जात नाही. तिला गाडी लागते."

"मग तिचा पासवर्ड सगळ्यांकडे आहे."

मी तळेऱ्याला फोन लावला. बाबलीने आढेवेढे न घेता कबूल केलं. "पार्टी चिठी बघता. खाली शेवंतीबायचा नाव नसला तर कागद परत नेता. आमी सांगतो, कागद तारेतसून मालवणाक जाता आनि नोंद थय शेवंतीबायच करता."

"पण मी तुका तुजा नाव दिललंय ना?"

"दिल्लास. पण आता राखणदार बसलो. तेका आपला नाव कोण दाखवतलो? शेवंतीबायक हातगुण आसा, तिका तो काय करूचो नाय. म्हणान आता चिठीचीच नाय, सगळीच कामा तिच्या नावार." जरा थांबून तो म्हणाला, "मी रोज सकाळी राखणदाराक इडी पण ठेवतंय हां."

मग रेडी, कारण विकीच्या ओळीपुढे ठिकाण रेडीच छापलं होतं. गुणाजी म्हणाला, "व्हय, मियाच वाढवलंय. विकीची आवस मथुराबाय रोज हय येवन रडता. पाच-दोन लिवल्यार कोण फिराकता? झील गुणाचो आसा. पयल्यांदा वाढवललंय ता परत कमी झाल्ला दिसला, म्हणान परत वाढवलंय. माका वाटला मशीनच उंची खाता."

मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसलो. मला नाव मिळालं होतं. गुणाजी. पण ते घेऊन मी करणार काय होतो? मेळाव्यात गुणाजीचं नाव घेतलं की कोणीतरी विचारणारच, रेडीत बसलेल्या गुणाजीने शेवंतीबाईच्या नावाने बदल केला, तर आमच्या नोंदी तरी कोणी केल्या? म्हणजे तळेरे, खारेपाटण, रेडी या तिन्ही ठिकाणी जेवढी लग्नं जमली त्यांतल्या एकाही नोंदीला शेवंतीचा हात लागलेला नाही, हे भर मंडपात उघडं पडणार. आणि गुणाजीचं नाव घेतलं नाही तर कागदावर छापलेलं आहेच, शेवंती. तिला दाजी उभ्या उभ्या कामावरून काढतील. आणि काहीच बोललो नाही तर माझं पद गेलं. तिन्हीकडे विहीर, आणि ती मीच खणलेली.

शेवंतीला सांगायला हवं होतं. ती चहाचे कप धूत होती. मी सगळं सांगितलं. पासवर्ड तिनेच, मागितला त्याला दिला होता. तिने ऐकलं, हात पदराला पुसले आणि विचारलं, "माका कामावरसून काडतले?"

"मी खरा सांगलंय तर काडूचे नाय," मी म्हटलं. "पण मगे लोकांका कळात की शाखांतल्यो नोंदी तुज्या हाताच्यो न्हय."

तिचे डोळे भरून आले होते, आणि मला माझीच लाज वाटत होती. "भाऊनू," ती म्हणाली, "माका लबाड म्हणा, काय म्हणाचा ता म्हणा. पण हात खोटो म्हणा नको. त्यो पोरी पयला पोर झाला की माज्याकडे दाखवूक घेवन येतत. तळेऱ्यासून येतत, रेडीसून येतत. तेंका मी काय सांगू? तुजा लगीन बाबलीन जमवल्यान?"

हातगुण असतो की नसतो यावर माझं काही ठाम मत नाही. पण त्या पोरी येतात हे मी स्वतः बघितलेलं आहे. तान्ह्या बाळाला शेवंतीच्या मांडीवर ठेवून त्या निर्धास्त चहा पितात. ते मोडायचं काम माझ्याकडून होणार नव्हतं, आणि हे कळल्यावर माझी काळजी कमी व्हायला हवी होती, ती दुप्पट झाली.

मेळावा आला. मंगल कार्यालय भरलं होतं. उपवर मुलं कडक इस्त्रीत, मुली माना खाली घालून सगळं बघत, आयांच्या मांडीवर कागदांच्या पिशव्या. पुढच्या रांगेत तेजस्वीचे वडील आणि त्यांच्या शेजारी तेजस्वी, मुद्दाम नाव ऐकायला आलेले. मागच्या खांबाशी मथुराबाई आणि विकी. शेवंती दाराजवळ पाण्याच्या पिंपापाशी उभी होती. दाजींनी नारळ फोडला, प्रास्ताविक केलं, आणि म्हणाले, "आता कार्यवाह गणपतराव दोषी व्यक्तीचं नाव जाहीर करतील."

मी उठलो. अहवालाचा कागद हातात होता. पुढ्यात ध्वनिक्षेपक होता आणि त्यात माझा श्वास सगळ्या सभागृहाला ऐकू येत होता. मी शेवंतीकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

"उंची मी वाढवली," मी म्हणालो.

दाजी माझ्या हातातल्या कागदाकडे बघत म्हणाले, "अहवालात कोणाचं नाव आहे?"

"शेवंतीचं," 'रेडी' हा शब्द आत जाईल अशी कागदाची घडी घालत मी म्हणालो. "तिने नोंद केली होती ती बरोबर होती. ती चहा करायला उठली तेव्हा मी तिच्या खुर्चीत बसून आकडा बदलला. तिला माहीत नव्हतं. विकीलाही माहीत नव्हतं, त्याच्या आईलाही नाही. त्यांनी कागदावर खरंच लिहिलं होतं." इथपर्यंत आल्यावर मला धीर आला आणि मी नको तेवढा पुढे गेलो. "मुलगा गुणी होता. पाच-दोनवर कोणी बघत नव्हतं. मला वाईट वाटलं."

दाजींचा चेहरा लाल झाला. "गणपतराव, आपण शोधायला निघालात आणि आपणच? आपला राजीनामा आत्ताच्या आत्ता!"

"देतो," मी म्हणालो आणि खाली बसलो. चारचौघांत माझी अब्रू गेली होती, आणि तरी आश्विनापासून पहिल्यांदाच मला हलकं वाटत होतं. दाराजवळ शेवंती पदर तोंडाला लावून रडत होती.

तेवढ्यात तेजस्वी उठली. बापाने हात धरला तो सोडवून ती मागे वळली आणि सरळ विकीला म्हणाली, "मगे तुमका ठावक नाय होता?"

"नाय," विकी म्हणाला. "मी पाच-दोनच आसंय. कागदार तसाच लिवललंय."

"मगे त्या दिसा सांगलास कित्या नाय?"

"तुज्या बापाशीन नवरो खंय म्हणान इचारल्यान. माका लाज वाटली."

सभागृहात कोणीतरी हसलं. तेजस्वीही हसली. "माका राग उंचीचो न्हय होतो. माका वाटला तुमी खोटा बोललास. तुमी बोललास नाय तर माजा काय म्हणणा नाय." आणि बापाकडे वळून, "बाबा, माका चलता."

मथुराबाई खांबाजवळून धावत आली ती सरळ तिच्या गळ्यातच पडली. तेजस्वीचे वडील दोन मिनिटं काय करावं ते न समजून उभे राहिले आणि मग त्यांनी विकीच्या पाठीवर हात ठेवला. मेळाव्यात जागच्या जागी लग्न ठरण्याची मंडळाच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ. सुपारी मागवायला माणूस धावला. ती फोडायला कोणाला बोलवायचं यावर दोन्ही घरचे माझ्याकडे बघू लागले. दाजींनी घसा खाकरला, पण त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

मी सुपारी फोडून मागे वळतो तर माझ्यामागे रांग! सगळ्या आया कागद काढून उभ्या. पहिलीच बाई म्हणाली, "भाऊनू, नोंद शेवंतीबायच्या हातान झाली हा. आता उंची तेवडी तुमच्या हातान घाला."

"अहो, मी राजीनामा दिलाय."

"मगे मागे घ्या."

मी तिला सांगितलं की जे केलं ते चूक होतं, उंची खरी असेल तीच घालायची असते. "व्हय तर, खरीच घाला," ती म्हणाली, "पण तुमच्या हातान घाला." तिच्यामागच्या सगळ्या आयांनी माना हलवल्या. दाजी रांगेकडे बघत राहिले, मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "राजीनाम्याचं नंतर बघू. सोमवारी वेळेवर या."

सोमवारी मी वेळेवर गेलो. फोन आधीच वाजत होता. तळेऱ्याचा बाबली होता. "हय लोकांची गर्दी आसा. चिठयेर शेवंतीबायचा नाव झाला, आता खाली दुसरा तुमचा होया म्हणतत. कागद परत नेतत. तुमचो पासवर्ड सांगा." तो ठेवतो न ठेवतो तोच खारेपाटण, आणि त्यामागून रेडी.

मी शेवंतीकडे पाहिलं. ती नोंद करत होती. मान वर न करता म्हणाली, "सांगा भाऊनू. काय जायना. माज्या नावार सगळ्यांनी काय काय केल्यानी, लगना तरी जमली ना?"

मी दार लोटून घेतलं आणि एकेक अक्षर सावकाश सांगत गेलो. बाबलीने ते पलीकडे मोठ्याने परत म्हटलं, त्याच्या खोलीत बसलेल्या सगळ्या लोकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. तेव्हापासून चार गावांत माझ्या नावावर कोणाचं काय वाढतं आणि काय कमी होतं, मला ठाऊक नाही, आणि राखणदाराचा अहवाल छापायची मला हिंमत होत नाही. पण त्या फाल्गुनात विकी-तेजस्वीच्या लग्नात मला आणि शेवंतीला पहिल्या पंगतीला शेजारी शेजारी बसवलं, आणि दोघांच्याही पानात मोदक न विचारता वाढले.